उशिरा वळणारा ट्रक

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही ट्रक चालवताय. खरा नव्हे, टीव्हीवरच्या खेळातला. मागे लाकडाचे ओंडके भरलेत, रस्ता घाटाचा आहे आणि समोर वळण आलंय. तुम्ही हातातली दांडी डावीकडे ढकलली. ट्रक वळला, पण लगेच नाही. आधी क्षणभर सरळच गेला, जणू तुमचं म्हणणं त्याच्या कानावर पडलंच नव्हतं, आणि मग वळला. तोवर कठडा तुटला आणि ओंडके गडगडत दरीत गेले. आता सांगा बरं, चूक कोणाची? ट्रकची, रस्त्याची की तुमची?

आजोबांनी या प्रश्नाचं उत्तर मनातल्या मनात देऊन टाकलं होतं. त्यांनी डाव्या हातातली दांडी सोडली, पेडलवरचा पाय उचलला आणि चष्मा काढून ते डोळे चोळत बसले.

"बास आजचं. डोळे चुरचुरतायत."

"अहो आजोबा, आत्ता तर बसलोय!" शेजारी बसलेली नात म्हणाली. शाळेच्या हजेरीत तिचं नाव वेगळं होतं, पण एका जागी ठरत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. "आणि तुमच्याकडे अजून दोन ट्रक शिल्लक आहेत."

"ते तू ने दरीत," आजोबा म्हणाले आणि उठून खिडकीशी गेले.

आजोबांचं सारं आयुष्य बंदरावरच्या क्रेनमध्ये गेलं होतं. शिडी चढून वर काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसायचं, दोन हातांत दोन लिव्हर धरायचे आणि खाली बघत कंटेनर उचलायचा. घराएवढा कंटेनर दोरांवर लटकून असतो. लिव्हर हलवला की आधी दोर धरलेली वरची गाडी सरकते, कंटेनर मागून झोका घेत येतो. म्हणून क्रेनवाल्याचा हात नेहमी मालाच्या थोडा पुढे असावा लागतो. माल कुठे जाणार, हे हाताला आधी कळावं लागतं. आजोबांच्या हाताला ते कळायचं. खाली उभी असलेली माणसं मान वर करून न बघताही सांगायची, आज वर कोण बसलंय ते. इतका त्यांचा माल अलगद टेकायचा.

ते निवृत्त झाले, आणि घरात त्यांच्या हाती भिंगरीने कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या डब्याचा, कंट्रोलर दिला. कंट्रोलर म्हणजे दोन्ही मुठींत धरायचं, बटणं आणि छोट्या दांड्या असलेलं यंत्र. आजोबा आधी नाक मुरडून म्हणाले, "हे काय, साबणाची वडी?" आणि आठवड्याभरात वाटेल त्या घाटातून ओंडके न सांडता आणायला लागले. रोज संध्याकाळी दोघं सोफ्यावर. टीव्हीचे दोन भाग व्हायचे, वरच्या अर्ध्यात आजोबांचा ट्रक, खालच्या अर्ध्यात भिंगरीचा. ती एकदा बटण दाबायची, की खेळ हजर. कसली जोडाजोड नाही, कसली खटपट नाही.

मग अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, बोलणं सावरलं, डावा हात तर ठणठणीतच होता. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. कंट्रोलर दोन हातांचा. आजोबांनी एकदा तो गुडघ्यांत धरून पाहिला, तो निसटून खाली पडला, तेव्हा ते म्हणाले, "तू खेळ. मी बघतो." आणि महिनोन्‌महिने ते नुसते बघत बसले.

हे सहन झालं नाही ते मामाला. मामा म्हणजे आजोबांचा मुलगा, भिंगरीच्या आईचा धाकटा भाऊ. त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं, आणि भाचीशी त्याचं एक जुनं भांडण होतं. पीसी चांगला की कन्सोल?

"कन्सोल म्हणजे कुलूपबंद डबा," मामा म्हणायचा. "कंपनी वाढेल तेवढंच खायचं. पीसी बघ. झाकण उघड, आतलं काढ, नवं घाल, काय वाटेल ते जोड."

"हो ना! आणि तो चालू होईपर्यंत माझे दोन डाव होतात," भिंगरी म्हणायची. "मग तो सांगतो, थांबा, अपडेट चालू आहे. मग त्याचा पंखा असा घोंघावतो, की वाटतं विमान उडतंय. आणि शेवटी तू एकटाच कोपऱ्यात तोंड करून बसतोस. आमचा कन्सोल बघ, सोफ्यावर दोघं!"

"दोघं गॅलरीत जाऊन भांडा," आई म्हणायची. ती दिवसभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचं ऐकून आलेली असायची.

पण या वेळी मामाचा मुद्दा बिनतोड होता. एका हाताने खेळता येतील असे कंट्रोलर निघालेत, हे त्याला ठाऊक होतं, पण घरातल्या जुन्या कन्सोलला ते चालत नव्हते. पीसीला मात्र काहीही चाललं असतं. म्हणून त्याने दुकानात सुटे भाग जमवून पीसी जोडला. त्याला डाव्या हातासाठी एक जॉयस्टिक लावली, चांगली मूठभर जाडीची, आणि डाव्या पायासाठी एक पेडल. तोच ट्रकचा खेळ पीसीसाठी वेगळा घ्यावा लागला, तेव्हा भिंगरीने तोंड वाकडं केलंच. पण दुकानातल्या छोट्या मॉनिटरसमोर आजोबांना बसवलं, त्यांनी दांडी मुठीत धरली, आणि मामाला काही शिकवावंच लागलं नाही. पहिल्याच फेरीत ओंडके जागच्या जागी पोचले. त्या दिवशी आजोबा दुकानातून घरी चालत आले, रिक्षाला नको म्हणाले.

मग पीसी घरी आला. दोघांना सोफ्यावर बसता यावं म्हणून मामाने तो मोठ्या टीव्हीला जोडला, भिंगरीचा कंट्रोलरही त्याला लावून दिला, घाईघाईने वायरी भिंतीला चिकटवल्या आणि दुकान उघडायला पळाला. त्या संध्याकाळपासून आजोबांचा ट्रक दरीत जायला लागला.

भिंगरीने तक्रार केली नाही असं नाही. मामाचा फोन आला की ती पहिलं वाक्य तेच बोलायची, "तुझा पीसी मंद आहे. वळवला तरी वळत नाही." मामा हसायचा. "आला का कन्सोलवाल्यांचा निरोप? बाई, तुझ्या डब्याच्या चौपट ताकद आहे त्याच्यात." तिकडून तो कन्सोलला नावं ठेवायचा, इकडून ती पीसीला, आणि फोन संपायचा. मूळ गोष्ट राहूनच जायची. आजोबा शेजारीच बसलेले असायचे. त्यांनाही ते रोजचंच भांडण वाटायचं.

त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललेलं होतं. इस्पितळातून निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "बोलायला, बघायला, हात हलवायला काही उशीर होतोय असं वाटलं, तर अंगावर काढू नका." आणि आता उशीर होत होता. दुकानात होत नव्हता, घरी होत होता. म्हणजे गेल्या चार दिवसांत काहीतरी बिघडलं. डोक्यातून निघालेला हुकूम हाताला वेळेवर पोचत नाही. उजवा हात गेला तेव्हा आजोबांनी मन घट्ट केलं होतं. पण हात गेलेला क्रेनवाला निदान क्रेनवाला असतो. ज्याला मालाचा झोकाच कळेनासा झाला, तो कोण?

स्वयंपाकघरात कोणी नसताना ते ओट्याच्या कडेवरून चमचा ढकलायचे आणि पडता पडता झेलायला बघायचे. कधी झेलला जायचा, कधी खणकन खाली. आधी तो किती वेळा झेलला असता, हे त्यांना तरी कुठे माहीत होतं? असला उद्योग त्यांनी जन्मात केला नव्हता. पण घाबरलेल्या माणसाला प्रत्येक खणकन पुरावाच वाटतो.

आणि त्या शनिवारी, मामा जेवायला येणार म्हणून आई भाजी निवडत होती, तेव्हा आजोबा तिच्यासमोर येऊन बसले.

"सोमवारपासून भिंगरीला शाळेत सोडायचं तू बघ," ते म्हणाले.

आईचे हात थांबले. "का? पाय दुखतोय का?"

"पाय बरा आहे. मोठा रस्ता ओलांडायचा असतो. माझा भरवसा नाही उरला."

"बाबा, काय होतंय नीट सांगा बघू."

"उशीर होतोय," आजोबा म्हणाले. "बघतो आत्ता, हात हलतो मागाहून. खेळताना कळलं. पोरीचा हात धरून मी रस्त्यात उभा, आणि समोरून गाडी आली तर?"

आईचा चेहरा पार उतरला. दारात उभ्या भिंगरीने सगळं ऐकलं होतं.

"पण आजोबा, मलासुद्धा उशीर होतो!"

"बरं बरं," आजोबा तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले. "शहाणी आहेस."

"शहाणी नाही, खरंच! मी रोज मामाला सांगते ना, पीसी मंद आहे म्हणून!"

"ते तुमचं भांडण गं."

"भांडण आहेच. पण उशीर पण आहे!" भिंगरीने पाय आपटला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं होतं. "माझं कोणी ऐकतच नाही."

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. बंदरावर एक रीत होती. क्रेन नीट चालत नाही अशी कोणी तक्रार केली, की त्याला खाली बोलवायचं आणि दुसऱ्याला वर पाठवायचं. दुसऱ्याच्या हातालाही तसंच जाणवलं, तर दोष क्रेनचा. नाही जाणवलं, तर माणसाने घरी जाऊन विश्रांती घ्यायची. किती नव्या पोरांना आजोबांनी असं खाली बोलावलं होतं! स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांनी केबिन सोडली नव्हती. दुसऱ्याच्या हाताला काही जाणवलं नाही तर काय, याची भीती होती.

ते उठले. "चल," म्हणाले. "माझ्या जागी बस."

भिंगरी त्यांच्या जागेवर बसली. आजोबांची दांडी तिने डाव्या हातात धरली, पाय पेडलपर्यंत पुरेना म्हणून सोफ्याच्या कडेवर आली. घाट सुरू झाला. आजोबा टीव्हीकडे बघत नव्हते, तिच्या मुठीकडे बघत होते. मूठ वळली. मग त्यांनी मान वर केली. ट्रक अजून सरळ जात होता. मग वळला.

"पुन्हा," आजोबा म्हणाले.

पुन्हा तेच.

तेवढ्यात मामा आला. दाराशी चप्पल काढतो न काढतो तोच आईने त्याला आत ओढलं. "तुझा तो पीसी आधी बघ. बाबांना धास्ती बसलीय."

"पीसीला काय धाड भरलीय?" मामा म्हणाला, पण आजोबांचा चेहरा बघून सोफ्यावर बसला. दांडी हातात घेऊन त्याने दोन वळणं घेतली. तिसऱ्याला तो स्वतःच दरीत गेला. तो उठला, खाली गाडीपर्यंत गेला आणि एक छोटा मॉनिटर घेऊन आला. दुसऱ्या वायरीने तोही पीसीला जोडला. आता तेच चित्र दोन्हीकडे दिसत होतं, टीव्हीवर आणि मॉनिटरवर.

"बाबा, माउस तुम्ही हलवा."

आजोबांनी डाव्या हाताने माउस सरकवला. मॉनिटरवरचा बाण हाताबरोबर निघाला. टीव्हीवरचा बाण मागाहून, झोका घेत आल्यासारखा. आजोबांनी माउस उजवीकडे नेला, डावीकडे नेला, गोल फिरवला. एक बाण हाताला चिकटलेला, दुसरा प्रत्येक वेळी मागे.

"अरे देवा," मामाने कपाळावर हात मारला. "टीव्ही! हा टीव्ही चित्र जरा नटवून थटवून दाखवतो. सिनेमाला काही वाटत नाही, पण खेळात तेवढा उशीर होतो. खेळ चालू आहे हे त्याला सांगावं लागतं. कन्सोल ते आपणहून सांगत होता. पीसीने सांगितलं नाही, आणि मीही हाताने करायला विसरलो. मी कधी टीव्हीवर खेळलोय? जन्मभर मॉनिटरसमोर."

"बघ!" भिंगरी ओरडली. "माझा कन्सोल आपणहून सांगत होता!"

"मान्य. शंभर वेळा मान्य. पण त्याला आजोबांची दांडी लावून दाखव."

भिंगरीने आजोबांच्या दांडीकडे पाहिलं. "ते पण मान्य," ती म्हणाली.

"आणि तू रोज सांगत होतीस," मामा खालच्या आवाजात म्हणाला. "ऐकायला हवं होतं मी."

त्याने रिमोट घेतला, टीव्हीत कुठे कुठे शिरून काहीतरी बदललं. आजोबांनी परत माउस हलवला. आता दोन्ही बाण बरोबर चालले, शाळेत निघालेल्या बहिणींसारखे. आजोबा ते बघत बराच वेळ माउस फिरवत राहिले. कोणी त्यांना थांबवलं नाही. आईने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना तरी सांगूच या आठवड्यात. पण सोमवारी शाळेत तुम्हीच सोडायचं."

"सोडतो की," आजोबा म्हणाले. "रस्ता कुठे पळून गेलाय."

भाजी तशीच ताटात राहिली. आजोबा आपल्या जागी बसले. उजवा हात त्यांनी डाव्याने उचलून मांडीवर नीट ठेवला, मग दांडी धरली. झटका आल्यापासून घरातला प्रत्येक जण त्यांच्यासाठी जरा थांबत असे. दारातून आधी त्यांना जाऊ देत, जिन्यावर एक पायरी मागे राहत. भिंगरी शेजारी बसली, तिने कंट्रोलर हातात घेतला. घाट सुरू झाला. पहिल्याच वळणावर आजोबांचा ट्रक असा अलगद वळला, की मागचा एक ओंडकाही हलला नाही.

भिंगरीने ते पाहिलं. मग ती जीभ दातांत धरून पुढे सरकली आणि पुढच्या वळणावर आपला ट्रक त्यांच्या आतल्या बाजूने घातला, त्यांना घासून, कचकन हॉर्न वाजवत पुढे निघून गेली, आणि मागे वळूनही पाहिलं नाही.