नवऱ्याचा बॅकअप

जो माणूस भिजल्याशिवाय छत्री शोधत नाही, तो आज गेमच्या कन्सोलचा बॅकअप घ्यायला बसला होता. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"बिघडलाय का?" मी नवऱ्याला विचारलं.

"नाही गं. बिघडला तर, म्हणून."

हार्ड डिस्क कोरी करकरीत होती. स्क्रीनवर आमची दोघांची नावं होती आणि टिक फक्त त्याच्या नावापुढे.

"आणि माझं?"

"तू कुठे खेळतेस?"

मी रोज दुपारी खेळते, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला फोन आला आणि तो बोलायला गॅलरीत गेला. दार ओढून. मी त्याची टिक काढली, माझ्या नावापुढे केली आणि बटण दाबलं.

संध्याकाळी ती डिस्क त्याच्या बॅगेत दिसली, सगळ्या शर्टांच्या खाली. मी चेन नीट लावून दिली. जाईल तिथे उघडेल, तेव्हा आत मीच निघेन.