झाकणभर औषध

शिवानीने कोनाड्यातली बाटली उचलली आणि मोरीत उपडी केली.

"अगं, अगं! कापूरहोळवरनं आणलीया ती!" कुमार धावला.

"माहितीय. पिकावर फवारायचं टॉनिक. ते काकीला पाजतोस?"

"शोध कुणाचा? पेपरात फोटू तुजाच व्हता. झाडं वाढवायच्या औषिदानं कॅन्सर मरतो म्हणून."

"काचेच्या बशीत, दादा! बशीत पेशी वाढवतो आम्ही. त्या मेल्या. फिनेल ओतलं तरी मरतील. उद्या फिनेल पाजशील?"

"पेपरात फिनेल नव्हतं."

शिवानीने रिकामी प्लास्टिकची बाटली मोरीच्या दगडावर आपटली. शेजारच्या बशीतल्या निरोगी पेशीही मेल्या, ते तिने वार्ताहराला नीट सांगितलं होतं. ते छापून आलंच नाही. फोटो मात्र मोठा आला.

"आणि पुण्याची सलाईन बंद का केलीस? कुणाला विचारून?"

"उलट्या तू काडल्यास का तिच्या?" कुमारचा आवाज चिरकला. "बशी घेऊन बसतीस तिकडं. हितं आई माजी हाय."

फटकन दार लोटून तो धरणाच्या वाटेने निघून गेला.

ठकुबाई इतका वेळ लसूण सोलत होती. केमोने गेलेले केस पदराखाली झाकलेले. ती भिंतीला धरून उठली.

"ये मागल्या दारी."

परड्यात मिरचीचं एक रोप वळचणीला टेकलं होतं. सुतळीसारखा बारीक देठ, फिकट पानं, मिरची एकही नाही. बाकीची रोपं त्याच्या गुडघ्याला. अशी ताणलेली रोपं शिवानीने प्रयोगशाळेत पाहिली होती.

"काकी! हिला पाजलंस?"

"मग? वास बघितलास का त्येचा? झाडाचं औषिद झाडाला."

शिवानीला हसू फुटलं. सकाळपासून आवळलेला जबडा सैल झाला.

"मग त्याला सांगायचं नाही होय?"

"लई आशेनं आणतो गं. झाकणभर हातात दिलं, की म्या पदराआड करून हितं येती." ठकुबाईने रोपाचा शेंडा सरळ केला. "पर माज्या आदी एक झाकण सोता पितो. रोज. आईला बाधायला नगं म्हणून."

शिवानीचं हसू विरलं.

"त्येला काय व्हनार न्हाई ना? चांगल्या माणसाला?"

शिवानी आत गेली. मोरीतली बाटली उचलून तिने लेबलावरचं पाणी पुसलं, बारीक अक्षरं वाचली, पुन्हा वाचली. 'पोटात गेल्यास ताबडतोब डॉक्टरकडे न्या' या ओळीवर तिचं बोट थांबलं.

दारातून ठकुबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. तिने खुंटीवरची दवाखान्याची पिशवी काढली, झटकली, खांद्याला लावली.

"जा, हाक मार त्येला. म्हण, आईला पुण्याला न्यायचंय," ती म्हणाली. "त्येच्यासाठी म्हणलीस, तर यायचा न्हाई."