चढावर पेट्रोल कमी पडतं

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. ‘ट्रकला ओलांडताना चालक महिला घाबरली व तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला,’ हे तुमच्या अहवालातलं वाक्य. ती चालक महिला म्हणजे माझी ताई. बारा वर्षं ती रुग्णालयाची रक्ताच्या पिशव्या पोचवणारी गाडी चालवतेय. त्या दिवशी चढावर ऐन वेळी गाडीने दम सोडला, समोरून बस आली. ताईने गाडी कठड्यावर घातली, म्हणून बसमधली माणसं धडपणी घरी गेली. आणि आज दुपारी तीनला तुम्ही तिला कामावरून काढणार.

मी तुमच्याच वर्कशॉपमधला मेकॅनिक. कठड्याला घासलेली बाजू मीच ठोकून सरळ केली. महिन्यापूर्वी तुमच्या हुकमाने गाडीला मोठा टर्बो बसवला, तोही मीच. पेट्रोलचा पंपही मोठा लागेल, असं तेव्हा लिहून दिलं होतं. तुम्ही शेरा मारलात, ‘आवश्यकता नाही.’ मोठा टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं. हे कळायला साहेब व्हावं लागत नाही.

पण सिद्ध होईना. आठवडाभर डोकं फोडलं. फिल्टर बदलला, इंजेक्टर तपासले, पंपाला बॅटरीवरून थेट तार दिली. गाडी उभी ठेवून रेस केली की पेट्रोलचा दाब ठणठणीत. तुमच्या तपासनिसानेही तसंच पाहिलं आणि ‘दोष नाही’ लिहून जेवायला गेला. शेवटी निवृत्त झालेल्या आमच्या आप्पा मिस्त्रींना फोन लावला.

“उभी ठेवून तपासतोस?” आप्पा हसले. “अरे शहाण्या, खुर्चीत बसवून कुणाला धाप लागते का? जिना चढव तिला!”

म्हणून आज सकाळी तुमची गाडी न विचारता बाहेर काढली. हो, मीच काढली. लिहा तेही. दाबाचं मीटर पेट्रोलच्या नळीला जोडून काचेबाहेर वायपरखाली चिकटवलं, गळती झालीच तर आत नको म्हणून. ताई स्टिअरिंगवर, मी शेजारी मोबाइल मीटरवर रोखून.

“भावजींना सांगितलंस?”

“भाजी आणायला जाते, असं सांगून आलेय. आता गप बस आणि आकडा वाच.”

चढ लागला. तिसरा गिअर. ताईने पाय दाबला तो दाबलाच. टर्बोचा दाब एकवर गेला. पेट्रोलचा दाब एरवी तीन, म्हणजे आता तो एकाने वाढून चारवर टिकायला हवा.

“चार,” मी म्हणालो. “चार... साडेतीन. ताई, तीन!”

इंजिन खडखडायला लागलं, डब्यात खिळे हलवावेत तसं. पेट्रोल कमी पडलं की आतली आग भडकते. आणखी ताणलं तर पिस्टन वितळतो. मागे ट्रक चिकटलेला, हॉर्नवर हॉर्न.

“अडीच! पाय काढ!”

“मोबाइलमध्ये दिसतोय का आकडा?”

“काढ म्हणतो ना!”

“बोंबलू नकोस. मोबाइल नीट धर.”

गाडीतला जीव गेला. ट्रकवाला आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आरशाला घासून पुढे गेला. आकडा दोनवर आलेला दिसला तेव्हा कुठे ताईने पाय उचलला आणि गाडी कडेला घेतली.

“हेच,” ती म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. “त्या दिवशी अगदी हेच झालं.”

परत येऊन टाकीत मोठा पंप बसवला. त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये नेली. चार. पार वरपर्यंत चार.

दोन्ही व्हिडिओ घेऊन तुमच्या दाराशी आलोय. शिपाई म्हणतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत, काय ते लिहून द्या. घ्या, लिहून दिलं. हाच टर्बो आणि जुनाच पंप असलेल्या अजून दोन गाड्या आहेत. त्यातली एक आत्ताच रक्त घेऊन फाटकाबाहेर पडली. तिच्या चालकाला मी फोन केला, म्हटलं, चढावर पाय हलका ठेव.

तो म्हणाला, “आणि उशीर झाला तर? मग मला काढतील ना?”

त्याला काय सांगू, साहेब? आणि ताईवरचा तो अहवाल फाडताय की नाही? शेरा नको. दार उघडा आणि तोंडाने उत्तर द्या.