सगळ्यांचं उत्तर ३.१४

गणित आता करून शिकवायचं, असा वरून आदेश आला. आमच्या राइट टाउनच्या शाळेचे मुख्याध्यापक हेमचंद्र सर यांनी तो दोनदा वाचला आणि मला बोलावलं. तपासणीला मोठ्या मॅडम येणार होत्या. सातवीचा तास चांगला झाला तर माझं कंत्राट वर्षभर वाढणार, नाहीतर रामराम.

मी पोरांना घरून झाकणं, बांगड्या, तवे आणायला सांगितले. दोऱ्यानं घेर मोजायचा, पट्टीनं मधली रुंदी, मग भागाकार. कोणाचं २.९ आलं, कोणाचं ३.३. पोचे पडलेल्या झाकणांकडून आणखी काय मिळणार? मला तर मजा येत होती. सरांना मात्र घाम फुटला. त्यांनी फळ्यावर ३.१४ लिहिलं आणि तीन दिवस रंगीत तालीम घेतली. मोजा खुशाल, पण उत्तर हेच. मी चकार शब्द काढला नाही, कारण कंत्राट माझं होतं.

तपासणीला आलेल्या मॅडम आधी खव्याची जलेबी खाऊन खूश झाल्या. त्याच लहरीत त्यांनी जलेबीच्या डब्याचं चौकोनी झाकण वर्गापुढे धरलं, म्हणाल्या, हेही मोजा. पोरांनी दोरा लावला न लावला आणि छत्तीस जणांनी ३.१४ ठोकून दिलं. मोना गजभिये एकटी म्हणाली, चार. चारी बाजू सारख्या, भागिले एक बाजू. दुसरं काय येणार! मॅडमनी शेरा लिहिला: वर्ग उत्तम, एक मुलगी कच्ची. मी हसून हात जोडले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दुपारी सरांनी कंत्राट पुढे सरकवलं. मी सही करणार तोच मोना वही घेऊन दारात उभी. तिनं चार खोडून ३.१४ लिहिलं होतं.

"मॅडम, आता बरोबर हाय ना?" तिनं मला विचारलं.

"शाब्बास बेटा," सर म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं. "नाही. तुझं चारच बरोबर होतं. मी भिऊन गप्प बसली. सरांना मोजून दाखव."

"अनसूया मॅडम, सोच लो," सर म्हणाले आणि कंत्राट ड्रॉवरमध्ये टाकलं.

मोनानं झाकण शोधलं. उरलेली जलेबी त्याच्यावरच काढून सर खात बसले होते. तिनं खिशातून दोरा काढला.

"सर," ती म्हणाली, "जलेबी उचला न जरा."