आमच्या दुकानातली खोटी गिऱ्हाईकं

“आधी घरच्या बायकांना पगारपत्रकावर घ्या, बाहेरच्यांचं मग बघू,” असं आमच्या कर सल्लागारांनी बजावलं होतं. तेव्हा मी पोटुशी होते आणि दुकानाची बिलं संगणकावर चढवत होते. मी ते हसण्यावारी नेलं. “आम्ही काय कामगार आहोत का काका? सून आणि मुलगी आहोत.”

लाँड्री माझ्या सासऱ्यांची, म्हणजे बाबांची. गल्ल्यावर ते, बिलांवर मी आणि वाफेच्या प्रेसवर माझी नणंद. ताईंचा नवरा ट्रक घेऊन लांब लांब जायचा, त्यामुळे लग्नानंतरही त्या इथेच राबत होत्या. पगार असा नव्हताच. लागेल तेव्हा गल्ल्यातून घ्यायचे.

माझी लेक झाली आणि मग कायदा बदलला. दुकानात रोज काम करणारं माणूस घरचं असलं तरी कर्मचारीच, त्याचा पगार दाखवायचा, विमा भरायचा. बाबांनी बातमी ऐकली आणि टीव्हीच बंद केला. नेमके त्याच सुमारास ताईंना दिवस गेले. पहिलं मूल पोटातच गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी या वेळी स्पष्टच सांगितलं, उभं राहायचं नाही, वाफेजवळ तर मुळीच नाही. पण त्या घरी बसल्या असत्या, तर त्यांच्या जागी माणूस ठेवून वर त्यांचंही घर चालवणं दुकानाला झेपणारं नव्हतं. कायद्यात बाळंतपणाची भरपगारी रजा होती, तीही सरकारी विम्यातून. मात्र नोंद असेल तरच.

“वहिनी, तू माझ्याकडे अशी बघत नको बसू,” ताई म्हणायच्या. “मला काही होत नाहीये.” मी बघतच राहायचे. त्यांचा हात कमरेवर गेला की मी स्टूल पुढे सरकवायचे.

त्या दुपारी गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एक बाई दारात दिसल्या आणि बाबा मोठ्याने खाकरले. आमच्याकडे ही जुनी खूण होती. साहेबलोक आले की घरच्यांनी गिऱ्हाईक व्हायचं. ताई प्रेस सोडून बाकावर येऊन बसल्या. मीही लेकीला कडेवर घेऊन त्यांच्याशेजारी टेकले.

“इस्त्री कोण करतं?” बाईंनी विचारलं.

“मीच की,” बाबा गल्ल्यावरून म्हणाले.

झाकण तसंच खाली राहिलेल्या प्रेसमधून वाफ येत होती. जरा वेळाने करपल्याचा वास सुटला. ताईंनी ओठ आवळले, पाय हलवले आणि शेवटी राहवेना. “अहो, रेशमी सदरा आहे तो,” म्हणत त्या धावल्या आणि झाकण वर केलं.

“गिऱ्हाईकं फारच कामसू आहेत तुमची,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात माझी लेक ‘आबा, आबा’ करत बाबांकडे झेपावली.

“आणि हे गिऱ्हाईक नेहमीचं दिसतंय.”

आता दंड, मग दुकानाला टाळं, इथपर्यंत मी मनात पोचलेसुद्धा. मग ताईंचा घामेजलेला चेहरा दिसला आणि मी सगळं भडाभडा सांगून टाकलं, डॉक्टरीणबाईंसकट.

बाईंनी खुर्ची ओढली, आधी ताईंना बसवलं. “मी तपासणीला आलेले नाही. नवे नियम समजवत फिरतेय. मुदतीत स्वतःहून नोंद केलीत तर दंड नाही. मागचं कामही रजेसाठी धरतात, मालकांनी तसं लिहून दिलं आणि मागचा विमा भरला तर. आणि आजोबा, मुलीला दिलेला पगार खर्चात धरला जातो. तुमचा कर वाढत नाही, थोडा कमीच होईल.”

“पण स्वतःच्या मुलीला नोकर म्हणून लिहू?” बाबांनी विचारलं.

“मग मालकीण लिहा,” ताई म्हणाल्या. “आत्ता येते गल्ल्यावर. सरका.”

बाबा हसले नाहीत. त्यांनी ताईंच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं, चष्मा लावला आणि मला म्हणाले, “काय लिहायचं ते सांग गं.”

रजा मंजूर झाली त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडले. किती दिवसांनी छाती मोकळी झाली होती. आता ताई उशीवर पाय ठेवून पडून असतात आणि प्रेसवर ठेवलेल्या नव्या बाईंच्या घड्यांना फोनवरून नावं ठेवतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, बाळ छान वाढतंय. माझी धाकधूक पूर्ण गेलेली नाही, माझी ती कधी जातच नाही. पण रात्री झोप लागते.

तुमच्या गल्लीतल्या एखाद्या दुकानात अशीच कुणाची तरी मुलगी किंवा सून उभी असेल, साहेबलोक येताच बाकावर जाऊन बसणारी. आज तिकडे गेलात तर तिला जरा बाजूला घेऊन विचाराल का, तुझी नोंद झालीय का म्हणून?