लाभ, दोन, तीन

माझ्या हाताला गुण आहे असं भिंगारातले लोक म्हणायचे आणि मला ते पटायचं. लष्कराच्या वर्कशॉपात मी टेलिफोन दुरुस्त करायचो आणि घरी आल्यावर शेजाऱ्यांचे रेडिओ. माणसाचं एकदा असं नाव झालं की तो दुसऱ्याचं ऐकेनासा होतो. मी तर कधीच ऐकलं नाही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझी बहीण राही काष्टीहून एस.टी.नं आली. पाणी प्यायच्या आधीच रडायला लागली. तिचा नवरा गहिनीनाथ, म्हणजे आमचे दाजी, विहिरींचे सुरुंग उडवायचे. दुष्काळात विहिरी आटलेल्या, जो तो विहीर खोल करायला निघालेला, त्यामुळे दाजींना उसंत नव्हती. तळाच्या खडकात सहा-सात भोकं पाडायची, त्यांत दारू ठासायची, वाती पेटवून वर यायचं आणि आवाज मोजायचे. जेवढी भोकं तेवढे आवाज झाले तरच उतरायचं. एक जरी कमी भरला तरी त्या दिवशी विहिरीत पाय ठेवायचा नाही, असा जुना दंडक. पण दोन आवाज एकात मिसळायचे, मोजणाऱ्यांत वाद व्हायचा आणि विहिरीचा मालक घाई करायचा. तशाच एका वादात दाजी उतरले आणि डाव्या हाताची दोन बोटं घालवून वर आले.

“दादा, तू मुक्या रेडिओला बोलतं करतो,” राही म्हणाली. “सुरुंग मोजनारं कायतरी कर. मला ह्यो मानूस जित्ता पायजे.”

मी कामाला लागलो. जुन्या बाजारात लष्कराचं भंगार मिळायचं, तिथून टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले आणले. रिले म्हणजे विजेवर चालणारी खटकी. त्या एकमेकींना नीट जोडल्या तर मोजतात, आणि मोजलेलं लक्षातही ठेवतात. महिनाभरात ते सगळं मी दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीत बसवलं. दाजींनी तळाशी एकेक भोक भरताना आकडा ओरडायचा, वरच्यानं प्रत्येक आकड्याला एकदा कळ दाबायची. पेटी तेवढं लक्षात ठेवणार. मग सुरुंग वाजले की काठावर ठेवलेलं फोनचं बोलायचं बोंडकं ते ऐकणार आणि पेटी दर आवाजाला एक वजा करणार. शून्य झालं की तांबडा दिवा विझून हिरवा लागणार. लक्षातला आकडा बाहेर दिसायची सोय मी केली नाही, तेवढे रिले उरले नव्हते. वर्कशॉपातल्या हेडक्लार्कनं पेपरात कॉम्प्युटरबद्दल वाचलं होतं, त्यानं थट्टेनं पेटीला तेच नाव दिलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! मला मात्र ते नाव मनापासून आवडलं.

घरच्या टेबलावर ती एकदाही चुकली नाही. विहिरीवर गेली आणि तिनं रंग दाखवायला सुरुवात केली.

पहिल्या रविवारी मी स्वतः कळीवर बसलो. सहा भोकं भरली होती. पाच आवाज झाले आणि हिरवा लागला. दाजी यारीचा, म्हणजे दगड वर ओढायच्या हातक्रेनचा, दोर धरून उतरणार, तेवढ्यात खाली सहावा वाजला. दगडाचा एक तुकडा त्यांच्या पटक्याला चाटून गेला. यारीवर त्यांचा भागीदार कानिफनाथ होता. तो मला म्हणाला, “पावनं, तुमच्या कांपुटरला येक कमी शिकिवलंय का?”

मी पेटी उचलून भिंगारला आणली; मग दर रविवारी रात्री आणायची आणि दुरुस्त करून सकाळच्या एस.टी.नं काष्टीला परत पाठवायची, असं सुरू झालं. पुढचे तीन आठवडे माझं जेवणाखाण्याकडे लक्ष नव्हतं. एकेका रोगाला मी धरून बाहेर काढत होतो. मधूनच दोन्ही दिवे विझायचे, ती बॅटरीची सैल तार निघाली. मधूनच तांबडा अडकून बसायचा, ती खडकाची धूळ निघाली. पेटीला मी धोतराच्या फडक्याची गवसणी शिवली. सोल्डरचे कच्चे डाग पुन्हा पक्के केले. पण आकडा विसरण्याची खोड जाईना. मी कळीवर असलो की दर रविवारी एक आकडा नाहीसा. आठवडाभर कानिफ कळीवर असायचा, तेव्हा मात्र ती सरळ चालायची. मी तिचा बाप आणि ती माझ्यावरच रुसलेली.

“माज्याकडं बी दोनदा चुकली,” कानिफ म्हणाला. “दोनी येळा उन्हाच्या भरात.”

“उन्हात तुझंच डोकं तापलं असेल,” मी म्हणालो आणि सगळे हसले. दाजीही हसले.

चौथ्या रविवारी मी राहीकडे जेवायला थांबलो. ती रेशनचा मिलो, ती परदेशी तांबडी ज्वारी, मापट्यानं मोजून डब्यात टाकत होती. “लाभ... दोन... तीन...”

माझा घास हातातच राहिला. “राही, एक कुठंय?”

“आता गं बया! धान मोजताना येक म्हनत्यात व्हय? येक म्हंजी येकलं. पयल्या मापाला लाभ म्हनायचं.”

आई लवकर गेली. राही मामाकडे काष्टीला वाढली आणि मी वडिलांबरोबर अंबाल्याच्या, झाशीच्या बराकींत. खळ्यावर मी जन्मात कधी उभा राहिलो नव्हतो. दाजी विहिरीच्या तळातून “लाभ” असं ओरडायचे, तेव्हा मला वाटायचं कामाआधी देवाचं नाव घेतायत. मी भक्तिभावानं मान लववायचो आणि “दोन” ऐकलं की पहिली कळ दाबायचो.

मी हसून हसून लोळलो. पेटी निर्दोष होती! माझी लेक शहाणी होती, बाप येडा होता. हात न धुता मी विहिरीकडे पळालो आणि सगळ्यांना ते सांगितलं. दाजींनी माझ्या पाठीत धपाटा घातला. “पावनं, तुमी लष्करात आकडं शिकला, आन् आमी खळ्यावर.”

कानिफ एकटा हसला नाही. “पर मी तर लाभाला दाबत हुतो,” तो म्हणाला. “मंग माज्याकडं दोनदा कशी चुकली?”

हा प्रश्न त्यानं विचारला होता, माझ्या तोंडावर, चार माणसांत. मी म्हणालो, “तुझी बोटं दोर ओढून राठ झालीत, कळ नीट दाबली नसशील.” त्यानं आपल्या बोटांकडे बघितलं आणि यारीकडे गेला.

दुपारचे दोन वाजले होते. पेटी काठावर उन्हात होती. दाजी उतरले आणि खालून त्यांचा आवाज आला, “लाभ!” मी कळ दाबली. दोन, तीन, असं करत सातपर्यंत, सातही वेळा मी अंगठा रुतवून दाबली. दाजी वाती पेटवून वर आले, आम्ही बांधाआड बसलो. आवाज होत गेले. सहाव्याला हिरवा लागला.

“सा वाजलं,” कानिफ म्हणाला.

मीही सहाच मोजले होते. ते मी बोललो नाही. म्हणालो, “दोन पाठोपाठ झाले. आपल्या कानाला एक वाटतो, पेटीला दोन्ही कळतात.”

“आज ऱ्हाऊ द्या,” कानिफ दाजींना म्हणाला. विहिरीचा मालक पलीकडून हाका मारत होता. त्याची गुरं दोन दिवस तहानलेली होती.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. “पावनं, उतरू?”

“हिरवा आहे, दाजी. उतरा.”

ते उतरले. पहारीचे चार-पाच घाव ऐकू आले आणि मग सातवा वाजला.

वर काय काढलं ते मी सांगणार नाही. कानिफनं एकट्यानं काढलं. मी पेटीजवळ बसून होतो आणि हिरवा दिवा चालूच होता.

भिंगारला येऊन मी पेटी भर दुपारी पत्र्यावर ठेवली आणि कळ दाबत गेलो. एका रिलेची पट्टी तापली की चिकटायची आणि एक कळ गिळायची. माझ्या घराच्या सावलीत ती कधी तापलीच नव्हती. रोग दोन होते. पहिला सापडल्यावर मी आनंदानं दुसऱ्याकडे पाठ फिरवली. कानिफनं त्या दुसऱ्याचं नाव, गाव, वेळ, सगळं मला सांगितलं होतं.

तेराव्याला मी हे सगळं राहीला सांगितलं. पट्टी, ऊन, चिकटणं. ती कपाळ पुसलेली, भिंतीला टेकून ऐकत होती. तिला त्यातलं काही नको होतं.

“कानिफ म्हनला, सा वाजलं,” ती म्हणाली. “तुला किती ऐकू आलं?”

खोटं बोलता आलं असतं. “सहाच,” मी म्हणालो.

“म्हंजी दोन मानसं हुती की रं वर. दोघांलाबी कान हुतं.”

“होती,” मी म्हणालो.

ती उठली आणि आत पाव्हण्यांची ताटं वाढायला गेली. माझं ताट तिनं वाढलं नाही, आणि मीही मागितलं नाही.