बदामांची बशी

बायकोने मुरलेल्या चीजची बशी टेबलावर ठेवली. नाकसाहेबांनी बशीकडे ओझरतं पाहिलं, डोळे मिटले आणि नाक पार ग्लासात घातलं.

"सफरचंद," ते म्हणाले. "आंबटसर जातीचं. बुडबुडे कसे बारीक आहेत बघा, चीजचा तुपटपणा जिभेवरून साफ धुऊन काढतात."

हॉटेलची खरेदी बघणारी बाई खूश झाली. तिच्याबरोबरच्या शेफने चीजवर एक घोट घेतला आणि मान डोलावली. लेबल दिसू नये म्हणून बाटलीवर कापडी पिशवी चढवलेली, तरी फळ अचूक. फळांच्या फेसाळ वाइनच्या धंद्यात लोक त्यांना उगीच नाकसाहेब म्हणत नसत.

खरं तर त्या नाकाला काडीचाही वास येत नव्हता. मागच्या हिवाळ्यातल्या तापात तो गेला, तो परतलाच नाही. जिभेला गोड-आंबट तेवढं कळे. तेव्हापासून बायको आत बाटली उघडून हुंगायची आणि त्या फळाच्या जोडीची बशी आणून ठेवायची. चीज म्हणजे सफरचंद, धुरावलेला मासा म्हणजे पीच, बदाम म्हणजे पेअर. पुढचं सगळं ते बशी बघून बोलत. हॉटेलची ही ऑर्डर हुकली तर तळघर विकावं लागणार होतं, आणि तळघरावरचं राहतं घरही. दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं.

माशाची फेरीही निभावली. बाईने कौतुकाने बायकोला विचारलं, "तुम्हीही चव बघत असाल ना?"

"ही?" नाकसाहेब हसले. "अहो, हिच्यापुढे वाइन ठेवा नाहीतर भांडी धुतलेलं पाणी, ही दोन्ही आवडीने पिईल. इतकी वर्षं माझ्या घरात राहून कोरी ती कोरीच. बशा मात्र छान उचलते."

शेफ खो खो हसला. बाईही हसली, जरा उशिरा. बायको हसली आणि रिकामी बशी उचलून आत गेली. ज्याच्या आधाराने उभं राहायचं त्यालाच लाथा घालायची हौस काही माणसांना फार. नाकसाहेबांना तर लाथ मारल्याचा पत्ताही नव्हता.

आत मोरीपाशी बिघडलेल्या पिंपातल्या बाटल्या ओतून टाकायला काढलेल्या होत्या. त्यांना कुजक्या अंड्यांची घाण येत असे. बायकोने त्यातली एक उघडली, तिच्यावर पिशवी चढवली आणि स्वच्छ बशीत बदाम मांडले.

बाहेर येऊन तिने सगळ्यांचे ग्लास भरले. शेफने ग्लास नाकाशी नेला आणि झटकन खाली ठेवला. बाईने रुमाल काढला. बदाम बघून नाकसाहेबांनी डोळे केव्हाच मिटले होते.

"पेअर," ते सावकाश म्हणाले. "झाडावर पिकलेलं. आणि मागून फुलांचा मंद सुगंध. आमच्या तळघरात याहून नाजूक काही नाही." त्यांनी मोठा घोट घेतला, वर बदाम चावला. "वा!"

त्यांनी डोळे उघडले तेव्हा शेफ खिडकी उघडत होता आणि बाईच्या नाकावर रुमाल होता. नाकसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाटली बिघडली असेल," बाई हळूच म्हणाली. तिला कीव आली होती. "दुसरी उघडायची का?"

हो म्हणावं, तर आत्ताच्या त्या फुलांचं काय करायचं? ते बायकोकडे बघत राहिले. माझीच चूक झाली, भलतीच बाटली आणली, एवढं ती म्हणाली असती तरी कदाचित निभावलं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते तिच्यापुढे गयावया करत होते, तेही नुसत्या डोळ्यांनी.

"दुसरी कशाला?" बायको म्हणाली. "यांना आवडलीय ना. अहो, संपवा, आणखी देते."

त्यांनी ग्लास रिकामा केला. बाईने पर्स उचलली, कळवते म्हणाली आणि शेफच्या मागोमाग बाहेर पडली. दार लागलं.

"घर जाणार आता," नाकसाहेब पुटपुटले. "तुझंही."

"हो," बायको म्हणाली आणि तिने त्यांचा ग्लास पुन्हा काठोकाठ भरला.